भंडाऱ्याचा पूर कुठे पडतो

भंडाऱ्याला पूर आला की आम्हा नागपूरकरांना तो शेजारच्या जिल्ह्यातला पूर वाटतो. टीव्हीवर वैनगंगेवरचा कारध्याचा पूल दिसतो, धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, पसरलेलं गढूळ पाणी दिसतं आणि चहाचा घोट घेता घेता आपण म्हणतो, "यंदाही आला का?" मधे अंतर किती, तर साठ किलोमीटर. त्यात ना डोंगर, ना घाट. नागपूर आणि भंडारा एकाच उतारावर बसले आहेत; आम्ही वर, ते खाली. जिल्ह्याची हद्द म्हणजे सातबारा कुठल्या तहसिलीत मिळेल आणि कलेक्टर कोणता, एवढं ठरवणारी रेघ. पाण्याला तिच्याशी काही घेणंदेणं नाही.

माझी थोरली आत्या त्या खालच्या अंगाला दिलेली. भंडारा शहरापासून जवळच, वैनगंगेच्या काठावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बातम्यांत आपल्या गावाचं नाव फक्त पुराच्या निमित्तानं येतं, याला तिथले लोक कंटाळले आहेत.

लहानपणी भंडारा रोडनं एसटीत बसून जाताना एक गोष्ट दरवेळी दिसायची, कळायची मात्र नाही. पारडी सुटली की खिडकीबाहेर कापूस, तूर, ज्वारी. मौद्याला कन्हानचा पूल ओलांडला की हळूहळू चित्र पालटायचं. शेतं लहान होत जायची, त्यांना चारी बाजूंनी मातीचे धुरे यायचे आणि त्यांत पाणी उभं असायचं. आमच्याकडे शेतात पाणी साचलं की शेतकरी डोक्याला हात लावतो. तिकडे ते साचलं नाही तर लावतो. याचं कारण जमिनीखाली आहे. दख्खनचा काळा लाव्हा नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. त्याच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुना कठीण खडक वर येतो, आणि त्या खडकात पाणी फारसं मुरत नाही. पाऊस मात्र नागपूरपेक्षा जास्त, वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वरून भरपूर पाणी आणि खाली ते जिरवायला जागा नाही. अशा जमिनीवर माणसानं काय करावं? पाणी वरच अडवावं.

इथल्या लोकांनी तेच केलं, आणि असं केलं की इंग्रजांनी या भागाला तलावांचा जिल्हा म्हणावं. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. चांद्याच्या गोंड राजानं जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली, तलावाचं पाणी जिथवर पोचेल तिथवरची, असं सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला तरी तलाव खरे आहेत. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. त्यांतला सर्वांत मोठ्यांपैकी एक नवेगावबांध, कोलू पाटील कोहळी यांच्या नावावर सांगितला जातो. तो आता भंडाऱ्यात नाही. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध, बोदलकसा ही मंडळी तिकडे गेली. तलावांचा जिल्हा या नावातले अर्धेअधिक तलाव वाटणीत गेले, असं मामाजी म्हणायचे. (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाजी म्हणतो.) वाटणी हा त्यांचा आवडता विषय होता, त्यांच्या स्वतःच्या घराच्या वाटणीचं प्रकरण बरीच वर्षं चाललं, पण ते जाऊ द्या.

मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, होती तोवर तलावाची पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, कोणाच्या बांधीला आधी पाणी, हे गावात ठरलेलं होतं. त्यात मालगुजाराची दादागिरी होतीच. ते दिवस सोन्याचे होते असं मुळीच नाही. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. लोकांचे निस्तार हक्क, म्हणजे ते पाणी वापरायचे हक्क, कागदावर राहिले, गाळ तलावात राहिला.

तलाव नीट राहिले असते तर भंडाऱ्याला पूर आलाच नसता, असं हल्ली बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. तलाव अडवतात ते गावच्या शिवारात पडलेलं पाणी. भंडारा बुडवणारं पाणी गावच्या शिवारात पडतच नाही.

ते पडतं सिवनीत. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडारा नावाच्या गावी उगम पावते. तिथून ती दक्षिणेला यायचं सोडून आधी उत्तरेला जाते, मोठा वळसा घालते आणि मग बालाघाटवरून खाली उतरते. वाटेत तिला दोन राज्यांच्या सीमेवरून येणाऱ्या बाघ आणि बावनथडी मिळतात. भंडारा गाठेपर्यंत ती एवढ्या मुलखाचं पाणी घेऊन आलेली असते की भंडाऱ्यात स्वतःचा पाऊस किती पडला, हा प्रश्न गौण होतो. शहराच्या पुढे आंभोऱ्याला तिला कन्हान येऊन मिळते. पाच नद्यांचा संगम म्हणतात तिथे: वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, आणि आता दोन जिल्ह्यांना जोडणारा केबलचा उंच पूल. रविवारी नागपूरच्या गाड्यांची तिथे रांग लागते. पुलावरून खाली बघताना आपण आपलंच पाणी बघतोय, हे किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे.

आपलंच म्हणजे अगदी शब्दशः. लाव्याच्या टेकड्यांत निघालेली नाग नदी शहर कापत पूर्वेला जाते, पिवळी नदीला घेते आणि कन्हानला मिळते. पेंच कामठीजवळ कन्हानला मिळते. ज्या पेंचचं पाणी आपण नळाला तोंड लावून पितो ती, आणि ज्या नागमध्ये आपण ते परत सोडतो ती, दोघी कन्हानचा हात धरून आंभोऱ्याला पोचतात. आत्याच्या गावचे ढिवर लोक याबद्दल फार सभ्य भाषेत बोलत नाहीत. तिथला जाळं टाकणारा एक म्हातारा मला म्हणाला होता, "तुमच्या नागपूरचं पानी आलं का मासोळीलाच वास येते." मी हसले, तो हसला नाही.

देवाणघेवाण अशी की आम्ही पाणी देतो आणि रेती घेतो. नागपूरच्या गेल्या काही वर्षांतल्या कित्येक बिल्डिंगांत कन्हान आणि वैनगंगेची रेती आहे. उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की पूर्वी ढिवरांच्या डांगरवाड्या लागायच्या. रेतीत खड्डा करून, शेणखत घालून टरबूज, खरबूज, काकडी. आत्याकडून येताना पिशवीत एक टरबूज असायचंच. आता बऱ्याच ठिकाणी पात्र उघडंच पडत नाही, कारण खाली गोसीखुर्द धरणाचं पाणी तुंबलेलं असतं. जिथे पडतं तिथे ट्रक आधी पोचतो.

गोसीखुर्दबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं. पवनी हे जुनं गाव. दिवाण घाट, वैजेश्वराचा घाट, दर चार पावलांवर देऊळ. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं इथे उत्खनन केलं तेव्हा दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप सापडले. म्हणजे नदीकाठी एवढा काळ लोक राहत आलेत, व्यापार करत आलेत, पूर बघत आलेत. या पवनीजवळ २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. सरकारी नाव इंदिरासागर, लोकांच्या तोंडी गोसी. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. अकरा किलोमीटरहून लांब बांध, तेहतीस दारं, अडीच लाख हेक्टर सिंचनाचं स्वप्न. माझी पिढी शाळेत असताना पायाभरणी झाली आणि माझी मुलं कॉलेजात गेली तरी त्याची कामं सुरूच होती. पवनी, भंडारा, कुही, भिवापूर या तालुक्यांतली गावं उठली. नव्या ठिकाणी सिमेंटचे रस्ते आहेत, शाळेची इमारत आहे, नळाची टाकीही आहे. बांधी नाही. धान पेरणाऱ्या माणसाला प्लॉट मिळाला.

आता दोन आकडे शेजारी ठेवते. कारध्याच्या पुलाजवळ वैनगंगेची पातळी मोजतात. तिथे धोक्याची पातळी २४५.५० मीटर. गोसीखुर्द पूर्ण भरलं की त्याच्या जलाशयाची पातळी २४५.५० मीटर. मी इंजिनियर नाही आणि यातून लगेच कोणावर बोट ठेवायचं नाही. पण पाण्याला वाहायला उतार लागतो, एवढं कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. खाली तेवढ्याच उंचीवर पाणी उभं असेल, तर वरून आलेल्या लोंढ्याला निघून जायला वेळ लागणार. म्हणून तर आत्याच्या गावात दोन तट आहेत. एक म्हणतो गोसीनं बुडवलं, दुसरा म्हणतो सिवनीनं. पारावर या दोघांचं भांडण पोळ्यापासून दिवाळीपर्यंत चालतं, आणि मला दोघांचंही खरं वाटतं.

२०२० च्या ऑगस्टचा शेवट. कोरोना होता, गणपती बसलेले होते. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. वर सिवनीतल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं, इकडे पेंचवर तोतलाडोहची चौदाही दारं उघडली. पारशिवनी, मौदा, कामठी, कुही या आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांत नदीकाठची गावं पाण्यात गेली. वैनगंगा आणि कन्हान दोघी एकाच वेळी भरून आल्या. भंडारा शहरातल्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, गोसीची तेहतीसही दारं उघडावी लागली, आणि खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं वेढली गेली. ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज हे गाव तर नदीच्या कुशीतच आहे, चारी बाजूंनी पाणी. तिथून माणसं बोटीनं काढावी लागली.

आत्या तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होती. तिनं त्याआधी बरेच पूर पाहिले होते, आणि तिच्या सांगण्यात जो फरक होता तो मला कुठल्याच अहवालात दिसला नाही. पूर्वीचा पूर आधी दिसायचा. आभाळ फाटल्यासारखा पाऊस तीन-तीन दिवस गावावरच पडायचा, नाल्याचं पाणी तांबडं व्हायचं, मामाजी संध्याकाळी काठावर जाऊन काठी रोवून यायचे. सकाळी काठी कितपत बुडाली ते बघून पोती माळ्यावर चढवायची की नाही ते ठरायचं. "आता पाऊस थांबला होता, बाई," ती फोनवर म्हणाली. "ऊनबी पडलं थोडं. आमी म्हटलं, चला, सुटलो. अन् मंग पानी चढाले लागलं."

ऊन पडलेलं असताना चढणारा पूर. या पुराला आभाळाकडे बघून काही कळत नाही. त्याची खबर कोणीतरी, कुठूनतरी, फोनवर द्यावी लागते: सिवनीच्या धरणावरच्या माणसानं बालाघाटला, बालाघाटनं गोंदिया-भंडाऱ्याला, तिथून तहसिलीत, तिथून तलाठ्याकडे, तिथून कोतवालाकडे, तिथून दवंडी. एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे निरोप वेळेवर पोचला की नाही, यावर तेव्हा पेपरांत बरंच लिहून आलं. आत्याच्या घरी निरोप आला तो शेजारच्या पोराच्या व्हॉट्सअॅपवर, आणि तोही एका अफवेच्या खाली. त्या अफवेत धरण फुटल्याचं लिहिलं होतं. धरण फुटलेलं नव्हतं. पण अफवेमुळे लोक घाबरून लवकर बाहेर पडले, हेही खरं.

म्हशी सोडून दिल्या. तांदळाची पोती माळ्यावर गेली, काही गेली नाहीत. गणपतीला पाटासकट शाळेत नेलं, कारण शाळा उंचावर होती. तिथेच आरती झाली, मास्क लावून. रोवणी आटोपून धान नुकता फुटव्यावर आला होता. धानाला पाणी लागतं म्हणून लोकांना वाटतं त्याला पुराचं काय. पण धानाचा शेंडा पाण्याच्या वर पाहिजे. दोन-तीन दिवस तो बुडून राहिला, वरून गाळाचा थर बसला, की सडतो. त्या वेळी परत पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला मोसम उरलेला नसतो. पंचनामा होतो, यादी लागते, यादीत नाव असतं किंवा नसतं. आत्याच्या मुलाचं, आमच्या दादाचं, नाव होतं, पण क्षेत्र चुकलं होतं. ते दुरुस्त व्हायला किती खेटे घातले ते तो अजून सांगतो, आणि प्रत्येक वेळी एक खेटा वाढतो.

आम्ही नागपुरात बसून तेव्हा काळजी करत होतो, पण खरं सांगायचं तर वरच्या माणसाची काळजी. तीन वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, आमच्यावर वेळ आली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, १८७० मध्ये बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीनं काठच्या वस्त्यांत शिरून गाड्या एकमेकींवर रचून ठेवल्या. नागपूरकरांनी तेव्हा पहिल्यांदा नागला नाला न म्हणता नदी म्हटलं. दादाचा सकाळीच फोन. ख्यालीखुशाली झाली, पाणी किती चढलं ते विचारून झालं, मग म्हणाला, "ठीक हाय. इकडे केव्हा येते ते पाहू."

खरं तर नागपूर जिल्ह्याला पुराची आठवण शिकवायची गरज नव्हती. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदी शिरली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. मोवाड पश्चिम टोकाला, वर्धेच्या काठी. आमचं शहर मधे. वर्धेचं खोरं एका बाजूला, वैनगंगेचं दुसऱ्या बाजूला, आणि दोघी शेवटी गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याला एकमेकींना भेटतात. तिथून पुढे तिचं नाव प्राणहिता. मग सिरोंचाजवळ गोदावरी. तिथेही गोष्ट तीच: २०१९ मध्ये तेलंगणानं गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज सुरू केलं, आणि त्याच्या तुंबलेल्या पाण्यानं शेती बुडते म्हणून सिरोंचाचे शेतकरी ओरडत आले आहेत. भंडारा सिवनीकडे बोट दाखवतो, गडचिरोली गोसीकडे, सिरोंचा तेलंगणाकडे. ज्याच्या त्याच्या वर कोणीतरी दार उघडणारा आहे, किंवा खाली कोणीतरी दार लावणारा.

धरणानं पूर थोपवला पाहिजे, असं नागपुरात गप्पांमध्ये सहज म्हटलं जातं. मी एकदा कागदावर भागाकार करून पाहिला. गोसीखुर्दची एकूण साठवण ११४६ दशलक्ष घनमीटर. २०२० च्या त्या पुरात तिथून सेकंदाला तीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी सोडलं जात होतं. त्या वेगानं पाणी येत राहिलं, तर पार तळापर्यंत रिकामं असलेलं गोसी अकरा तासांच्या आत काठोकाठ भरेल. आणि ऑगस्टच्या अखेरीस कुठलंच धरण रिकामं नसतं. ते तेव्हा भरलेलं असावं म्हणूनच तर बांधलेलं असतं. सिंचनासाठी भरून ठेवायचं आणि पुरासाठी रिकामं ठेवायचं, ही दोन कामं एकाच भांड्याला सांगितली आहेत.

आता नवी योजना आहे. वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दमधून उचलायचं आणि सव्वाचारशे किलोमीटर लांबीच्या कालव्यानं नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला करत बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत न्यायचं. इकडे पूर, तिकडे दुष्काळ, मधे कालवा. नकाशावर फार सुंदर दिसतं. पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्याला पाणी मिळावं, याला कोण नाही म्हणेल? मी हे दादाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या अंगणात बसलो होतो, समोर बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, चिखलापुरतं पाणी, आणि गोसीचा कालवा त्याच्या शेतापासून अजून लांबच.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कालव्यात पानी किती मावते?"

मी म्हटलं, पुराच्या मानानं थोडंच. पूर चार दिवसांचा, कालवा वर्षभराचा.

"म्हंजे पुराचं पानी नेतीन का आमचं पानी नेतीन?"

माझ्याजवळ त्याचं उत्तर नव्हतं. वहिनीनं तेवढ्यात चहा आणला आणि रेशनचा विषय निघाला.